दृष्टांतातले घर

मंगळवार, ७ जानेवारी

आजपासून फोनवर बसू लागले. बहात्तराव्या वर्षी नवे काम पत्करले, आणि ते असे की त्यात बोलायचे नाही.

सकाळी सून म्हणाली, "आई, तुम्ही गप्प बसायचं काम घेतलंत? बाबांचा विश्वासच बसला नसता." मुलगा वर्तमानपत्राआडून हसला. मलाही हसू आले. चाळीस वर्षे वर्गात आणि त्यानंतर दर रविवारी पोथीपुढे बसून माझे बोलणेच चालले आहे. परंतु नवविधा भक्तीत श्रवण पहिले सांगितले आहे, आणि ती पायरी मी घाईने ओलांडली असावी अशी शंका अलीकडे येते.

या शहरात आपली भाषा बोलणारी घरे थोडी, आणि जी आहेत ती एकमेकांना ओळखतात. त्यामुळे मनातले सांगायचे तर माणूस परका हवा आणि भाषा मात्र आपली हवी. एवढ्यासाठी हा फोन आहे. तो एका निवृत्त परिचारिकाबाईंनी सुरू केला. धुलाईच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबले, दोन फोन. खालची यंत्रे फिरू लागली की पेल्यातले पाणी थरथरते. मला मंगळवार मिळाला, दुपारी तीन ते सहा.

भिंतीवर नियमांचा कागद आहे. नाव विचारायचे नाही. उपदेश करायचा नाही. जीव देण्याची गोष्ट निघाली तर आडवळण न घेता सरळ विचारायचे. ऐकलेले याच खोलीत ठेवून जायचे. खाली पेनाने एक ओळ वाढवलेली होती: पोथी काढायची नाही.

"ही माझ्यासाठी का?" मी विचारले.

"तुमच्याच साठी," परिचारिकाबाई म्हणाल्या. "रविवारी तुम्हाला ऐकलंय मी. एकदा सुरू झालात की थांबत नाही."

आज एकही फोन आला नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

ऐकलेले तिथेच ठेवायचे हा नियम मला मान्य आहे. परंतु वहीला तोंड नसते, आणि ही वही माझ्या कपाटात असते. म्हणून लिहिते.

साडेतीनला फोन वाजला. चाळिशीच्या आतबाहेरचा बाईचा आवाज. प्रथम बराच वेळ काहीच नाही. मी कागदावरचे वाक्य म्हटले, "मी ऐकते आहे. घाई नाही."

"माझी रूममेट वारली," ती म्हणाली. "चार महिने झाले. घरी असंच सांगितलंय, रूममेट. आई म्हणाली, अरेरे, मग आता भाडं एकटीला झेपेल का, दुसरी बघ कोणीतरी."

मग तिचे तिलाच हसू फुटले, आणि ते हसू मध्येच मोडले. नऊ वर्षे त्या दोघी एकत्र राहत होत्या. गेलेली इथलीच, या देशातली, बस चालवणारी. सकाळी हिने चहा करायचा आणि दोन कप भरायचे. अजूनही हिच्या हातून दोनच भरले जातात. ओतून द्यायला धीर होत नाही, म्हणून दोन्ही तीच पिते. "म्हणून झोप येत नसेल," ती म्हणाली. "डॉक्टरांना सांगायला हवं, चहामुळे आहे."

डॉक्टरांकडे ती गेली होती. त्यांनी दुभाषी बोलावला, तर तो तिच्या मामांच्या ओळखीचा निघाला. इथली भाषा तिला कामापुरती येते, दुःखापुरती येत नाही. "मी म्हटलं, झोप लागत नाही एवढंच सांगा. त्यांनी तेवढंच सांगितलं. गोळ्या मिळाल्या."

तिच्यासारख्या स्त्रियांचे एक मंडळ आहे, तिथेही ती दोनदा गेली. "चांगल्या आहेत हो सगळ्या. पण मी तोंड उघडलं की आधी माझ्या आईबद्दल विचारतात, जसा काही मला आईचाच आजार झालाय. एक म्हणाली, ज्यांना सांगता येत नाही त्यांना सोडून दे. आईला सोडू? मग मी रडायला कुणाकडे जाऊ? आपल्या लोकांत गेले तर लग्न का नाही केलंस. त्यांच्यात गेले तर घर का नाही सोडलंस. मावशी, मी कुठेही गेले तरी चुकलेलंच उत्तर असतं."

मला मावशी म्हणाली. मी एकच शब्द बोलले असेन, "हं."

बुधवार, १५ जानेवारी

झोप उशिरा लागली. त्या बाईचे दुःख मला नीट समजले असे म्हणवत नाही. आमच्या पिढीत अशा गोष्टी नव्हत्या.

उगाच गुरुभगिनीची आठवण येत राहिली. आम्ही एकाच पंडितजींकडे शिकलो आणि पुढे एकाच शाळेत लागलो. शिक्षिकांच्या निवासात अकरा वर्षे आमची एक खोली: दोन खाटा, एक टेबल, एक शब्दकोश. टेबलाची डावी बाजू माझी, उजवी तिची. ती चित्रकला शिकवायची. तिचे रंग माझ्या वह्यांवर सांडत, आणि मी रागावले की ती त्या डागाचाच पक्षी करून द्यायची. माझे लग्न ठरले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. तिने माझी ट्रंक भरून दिली आणि गाडीवर आली नाही. तिला ताप होता. निदान निरोप तसा आला.

यजमान अत्यंत सज्जन होते. त्यांच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

ती पुन्हा आली. म्हणजे तिचा फोन आला. मनात मी तिला मंगळवारची म्हणू लागले आहे.

तिची मैत्रीण जी बस चालवायची, त्याच बसने ही रोज कामाला जाते. चष्म्याच्या दुकानात काचा बसवण्याचे तिचे काम. वाटेत नदीवरचा पूल लागतो, तिथे ती डोळे मिटून घेते. "काल पुलाच्या आधीच्या थांब्यावर उतरले," ती म्हणाली. "चालत गेले. मध्यापर्यंत. कठड्याला हात लावून उभी राहिले. मग मागून सायकलवाला ओरडला, बाजूला व्हा. मी झाले."

इथे मला एक प्रश्न विचारायचा होता. तो भिंतीवर, माझ्या डोळ्यांसमोर होता. तो जिभेवर आला आणि मी गिळला. असे अभद्र शब्द उच्चारले की ते खरे होतात, या समजुतीत मी वाढले. मी म्हणाले, "बाळ, देवाचं नाव घे."

"बरं," ती म्हणाली. फार सौजन्याने म्हणाली. दार उघडून आत पाहावे आणि चुकीच्या घरात आलो म्हणून हळूच लावून घ्यावे, तसे. फोन ठेवला.

परिचारिकाबाईंना सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत, याचे अधिक वाईट वाटले. "विचारल्याने कुणी मरत नाही, आई," त्या म्हणाल्या. "न विचारल्याने त्यांना वाटतं, हे बोलायची सोयच नाही. पुढच्या वेळी विचारा. आवाज कापला तरी चालेल."

फोनवर नंबर दिसत नाही. पुढची वेळ येईल की नाही, हे तिच्याच हाती.

गुरुवार, २३ जानेवारी

सुनेने खोली आवरताना विचारले, "आई, एवढं मोठं टेबल आहे, तुम्ही कायम डावीकडच्या कोपऱ्यात खेटून का लिहिता? उजवीकडे उजेडही चांगला आहे."

सवय, म्हणाले.

रविवार, २६ जानेवारी

आजचे निरूपण उत्तम झाले. शोकाचा अध्याय होता. चाळीसएक माणसे होती, जादा खुर्च्या काढाव्या लागल्या. शोक करणाऱ्याला ज्ञान सांगण्याआधी त्याचा शोक पुरता ऐकावा, असे मी मांडले. हे मला या दोन मंगळवारांनीच शिकवले. त्याला मी एक दृष्टांत दिला: एक विधवा. नवरा गेल्यावरही ती रोज सकाळी दोन कप चहा करते, आणि ओतून देववत नाही म्हणून दोन्ही स्वतः पिते.

पुढच्या रांगेत बसणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई आहेत, सदा चष्मा पुसणाऱ्या. त्या पदराने डोळे टिपत होत्या.

पंडितजी म्हणत, दृष्टांत गावातलाच घ्यावा, पण घर ओळखू येऊ नये. त्याप्रमाणे मी घर बदलले. मुलाने नेहमीसारखे ध्वनिमुद्रण केले आणि सुनेने ते सगळ्या घरांना फोनवर पाठवले. तीन ठिकाणांहून आले की यावेळचे फार हृदयस्पर्शी झाले.

मंगळवार, २८ जानेवारी

बरोबर तीनला फोन. मी विचारायचा प्रश्न तळहातावर लिहून ठेवला होता.

"आईने मला रेकॉर्डिंग पाठवलं," ती म्हणाली. "म्हणाली, ऐक, किती छान बोलतात या बाई. मी बसमध्ये ऐकत होते. दोन कपांपर्यंत आले आणि आवाज ओळखला."

मला वाटले, तिची गोष्ट मी चारचौघांत मांडली म्हणून ती रागावली आहे. मी म्हणाले, "कुणालाही कळलेलं नाही. मी सगळं बदललं होतं."

"तेच तर," ती म्हणाली. "तुम्ही तिला नवरा केलंत."

ती बोलत राहिली.

"माझी आई रडली, मावशी. नवऱ्यासाठी रडली. दोन दिवस सगळ्यांना सांगत होती, बिचारी ती विधवा. मी समोर बसले होते. मला मात्र म्हणाली, तू का तोंड पाडून बसतेस, तुझं काय गेलंय."

मग मी विचारले. तळहाताकडे न पाहता विचारले. "तुला जीव द्यावासा वाटतो का?"

बराच वेळ खालची यंत्रे तेवढी ऐकू येत होती.

"आज विचारताय," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

बुधवार, २९ जानेवारी

परिचारिकाबाईंकडे जाऊन सर्व कबूल केले. दृष्टांताचेही. त्या चहा गाळत होत्या. गाळणे तसेच हातात राहिले.

"आई, हे मोठं झालं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला फोनवरून उठवावं लागेल. किती दिवस, ते आत्ता सांगता येत नाही."

"तिचा फोन आला तर?"

"मंगळवारी मी बसेन. पण तुम्हाला काही सांगणार नाही. नियम तुमच्यामुळे बदलायचा नाही."

योग्य तेच त्या बोलल्या. पंडितजींचा नियम मी अक्षरशः पाळला होता. घर ओळखू आले नाही. घर इतके ओळखू आले नाही की त्यात राहणारीलाच तिथून बाहेर काढले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

तीन ते सहा घरी माझ्या खोलीत बसून होते. माझ्या खिडकीतून मोटारी लावण्याची मोकळी जागा दिसते. एक माणूस गाडी पुसत होता, पुन्हा तीच पुसत होता. जप केला, मन लागले नाही. मुलाने वर्तमानपत्र आणून दिले. पुलाविषयी काही छापून आले आहे का ते मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिले. नव्हते. देवाचे आभार मानले, आणि उद्याच्या वर्तमानपत्राची भीती वाटू लागली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

तिच्यापर्यंत पोचण्याची एकच वाट उरली आहे: रविवारचे ध्वनिमुद्रण. तिची आई तिला पाठवते.

परंतु काय बोलावे? क्षमा मागावी तर तिचे घर उघडे पडेल. तिचा दृष्टांत दुरुस्त करणे हेही तिचेच घेणे आहे. जे द्यायचे ते माझ्या घरातले हवे.

दुपारी गुरुभगिनीची पत्रे काढली. दर महिन्याला एक, पंचवीस वर्षे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक पक्षी. ती गेल्याचे मला शाळेच्या कार्डाने कळले, चौदा दिवसांनी. त्या दिवशी घरी पाहुणे होते. मी सर्वांना वाढले. सायंकाळी यजमानांनी विचारले, कसले पत्र होते? मी म्हणाले, जुन्या सहकारी शिक्षिका वारल्या. ते म्हणाले, अरेरे.

सहकारी शिक्षिका. मीही तेच केले होते. मंगळवारचीने निदान खोलीत एकत्र राहणारी एवढे तरी म्हटले.

रविवार, ९ फेब्रुवारी

जे झाले ते क्रमाने लिहिते.

पोथीला नमस्कार केला आणि ती उघडण्याआधीच बोलले. म्हणाले, मागे मी एका विधवेचा दृष्टांत दिला. तो खोटा होता. अशी विधवा मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते एक टेबल. त्याच्या डाव्या बाजूला मी बसत असे, उजव्या बाजूला माझी मैत्रीण. अकरा वर्षे. ती बाजू सुटून एक्केचाळीस वर्षे झाली आणि ती जाऊन सोळा, तरी अजून मी टेबलाच्या उजव्या बाजूला हात ठेवत नाही. तिच्यासाठी रडायला मला कुणी रजा दिली नाही, कारण ती माझी कोण, हे मी कुणाला सांगितले नव्हते. स्वतःलाही नाही. ती माझे सगळ्यांत जवळचे माणूस होती. नवऱ्याच्या ठिकाणी ठेवून तिचे मोल वाढवण्याची गरज नव्हती. ज्या कुणाचे असे माणूस गेले असेल, त्याचा शोक पुरा आहे. त्यात काहीही बदलू नये.

मग अध्याय वाचला. आवाज कापला. चालला.

नंतर नेहमीप्रमाणे कोणी भोवती जमले नाही. दोन कुटुंबे चहा न घेता गेली. मुलगा खुर्च्या रचताना हळूच म्हणाला, "आई, लोक काहीतरी भलताच अर्थ काढतील."

"काढू देत," मी म्हणाले. "तू पाठव मात्र. सगळ्यांना, नेहमीसारखं."

तो थबकला. सुनेने त्याच्या हातातला फोन घेतला, माझ्याकडे पाहिले आणि तिथेच उभ्या उभ्या पाठवून दिले.

सभागृह रिकामे झाल्यावर पुढच्या रांगेतल्या त्या चष्मा पुसणाऱ्या बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. बराच वेळ चष्माच पुसला.

"हा माझ्या मुलीने बसवून दिलाय," त्या म्हणाल्या. "ती चष्म्याच्या दुकानात असते. आजकाल जेवत नाही. तिची रूममेट वारली, पाच महिने होत आले." चष्मा डोळ्यांवर चढवून, "मी तिला म्हटलं, दुसरी बघ."

ही ती आई. अनेक महिने माझ्यापासून चार हातांवर बसत होती.

"तुमच्या त्या मैत्रिणीसारखी असेल का हो ती?" त्यांनी विचारले. "तुम्हाला काय वाटतं?"

सगळे मला ठाऊक होते. दोन कप, पूल, कठडा. आणि ते सांगण्याचा मला अधिकार नव्हता. एकदा सांगून पाहिले होते.

"मला कसं कळणार," मी म्हणाले. "तिलाच विचारा. आजच जा. पुरं खरं बोलू द्या आणि तुम्ही मध्ये बोलू नका. जीव नकोसा झालाय का, हेही विचारा. अगदी याच शब्दांत."

"असं कसं विचारू? आई आहे मी तिची."

"माझाही आवाज कापला होता," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. काय समजल्या, देव जाणे. मुलाला मी गाडी काढायला सांगितली आणि त्या म्हणाल्या त्या पत्त्यावर त्यांना सोडले. मी गाडीतच बसून राहिले. त्यांनी तळमजल्यावर घंटी वाजवली. दार उघडायला फार वेळ लागला. मग उघडले. कोणी उघडले ते मी पाहिले नाही. मान वळवून घेतली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

संध्याकाळी परिचारिकाबाईंचा फोन.

"मी कुणाबद्दलही काही सांगत नाहीये," त्या म्हणाल्या. "पण एका व्यक्तीने स्वतःहून निरोप ठेवलाय, आणि तो पोचवायला सांगितलाय. लिहून घेतलाय, तसाच वाचते. 'मावशींना सांगा, आज पूल बसमधून ओलांडला. उतरले नाही. शेजारी आई होती. मी डोळे मिटले तर तिने का म्हणून विचारलं नाही, नुसता हात धरला. अजून रात्र कठीण जाते. उद्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचंय, दुभाषी बाई ओळखीतली नाही ना हे आईने आधी विचारून घेतलंय.' झालं. एवढंच."

मी पुन्हा वाचायला सांगितले. त्यांनी वाचले.

"रागावली आहे का अजून?"

"त्याबद्दल निरोपात काही नाही," त्या म्हणाल्या.

असावी. तो तिचा हक्क आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

रविवारी सतरा माणसे होती. त्या बाई नव्हत्या. खुर्च्या कमी लागल्या.

परिचारिकाबाई म्हणतात, उन्हाळ्यानंतर पुन्हा फोनवर बसण्याचा विचार करता येईल. मी बघू म्हणाले.

मुलगा आणि सून कामावर गेले आहेत. घर शांत आहे. वही लिहायला घेतली, तेव्हा सहज टेबलाच्या मधोमध ओढून पाहिली. नीट वाटेना. परत डावीकडे सरकवली. उजवी बाजू तिची आहे; ती तशीच राहू दे.

तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. त्या फोनचा नंबर पाठ आहे. लावला. दोन वेळा वाजला, मग तरुण आवाज आला, नवी कोणी असावी. माझा आवाज तिने ओळखला की नाही, कळले नाही.

"मी ऐकते आहे. घाई नाही."

"माझी मैत्रीण वारली," मी म्हणाले.

"कधी?"

"सोळा वर्षं झाली," मी म्हणाले, आणि पुढे मला बोलता येईना.

तिने फोन ठेवला नाही. पलीकडे खालची यंत्रे फिरत असल्याचे मला ऐकू येत होते.